हॉटेलात न उतरलेले पाहुणे

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आजी, कॅन आय राइड हर अगेन धिस विंटर?" मी "बघू" म्हटलं आणि विषय तुझ्या दातांच्या तारांवर नेला. ते मला शोभलं नाही. म्हणून आता सगळं क्रमाने लिहिते. जिथे अडशील तिथे आईला वाचून दाखवायला सांग.

आमचं गाव अजमानच्याही पलीकडे, लहानसं. मामा इथे राहतो तो घरभाडं कमी म्हणून. त्याचं ऑफिस दुबई मरीनाला आहे, त्यामुळे रोजचा बराच वेळ रस्त्यात जातो. घरामागे दहा मिनिटांवर मेळ्याचं मैदान. थंडीत तिथे पाळणे येतात, खाण्याचे स्टॉल लागतात आणि मधोमध लाकडी कुंपणात घोड्यांच्या स्पर्धा व्हायच्या. मुलं अडथळ्यांवरून घोडे उडवायची. मोठी माणसं भरधाव येऊन भाल्याच्या टोकाने जमिनीतली खुंटी उचलायची. तुला तपकिरी घोडीवर ज्यांनी बसवलं, ते काका तिथले मोतद्दार. म्हणजे घोड्यांची सगळी निगा राखणारे. ते मूळचे माथेरानचे. स्वतःचा घोडा विकून, घोड्याचा परवाना भावाला देऊन इथे आले आणि चौदा वर्षं राहिले. मी शिक्षिका होते हे कळल्यापासून मला "बाई" म्हणत.

घोड्यांचा आणि स्पर्धांचा खर्च तिकिटांवर कधीच निघत नव्हता. गावात दोन हॉटेलं आहेत. तिथे उतरणाऱ्याकडून रात्रीमागे शुल्क घेतात, आणि त्यातला काही भाग इथलं पर्यटन कार्यालय घोड्यांच्या स्पर्धांना देत असे. दोन वर्षांपूर्वी त्या कार्यालयाचं पत्र आलं, की या स्पर्धांमुळे हॉटेलांत माणसं येतात हे यंदा दाखवून द्या; नाहीतर मदत बंद.

मैदानाचे मॅनेजर केरळचे. ते पत्र घेऊन माझ्याकडे आले. "मॅडम, मेरा इंग्लिश ऑफिसवाला है, आपका स्कूलवाला. आप लिखो." मी दुबईत ऊद मेथाच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. अर्ज, अहवाल, तक्ते यांत माझा हात धरणारा कुणी नाही असं मला तेव्हा वाटत होतं.

त्यांच्यासोबत आलेले मोतद्दार इमारतीच्या फाटकाशी उभे होते. ते म्हणाले, "बाई, रिंगण बंद झालं तर माझा व्हिसा खलास. सत्तावन्न चालू आहे. इथे कोण ठेवणार मला? आणि तिकडे जाऊन हाकू काय, ना घोडा ना परवाना."

मी पत्र दोनदा वाचलं. पैसे कुठून येतात ते त्यात स्वच्छ लिहिलं होतं आणि मला कळलंही होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे केलं ते कळत असून केलं.

मी वही काढली. अबू धाबी, अल ऐन, मस्कत, जिथे जिथे ओळखीची मराठी घरं होती तिथे फोन लावले. तीन दिवसांचा मेळा, मुलांना घेऊन या, घोडे बघा. लोक हो म्हणत गेले. अल ऐनच्या एका सूनबाई म्हणाल्या, "काकू, आम्ही येतोय. हॉटेलात दोन खोल्या बुकही केल्यात."

"हॉटेलात? आम्ही काय मेलोय का इथे?"

"अहो, सहा माणसं आहोत आम्ही."

"असू देत. मग तर मुळीच नाही. आधी ते बुकिंग रद्द करा, नाहीतर माझ्या दारात येऊ नका."

त्यांनी हसत हसत रद्द केलं. मस्कतच्या कुटुंबालाही मी असंच दटावलं. मग आमच्या इमारतीतली चार घरं निवडली, कुणाकडे कोण झोपणार याचा तक्ता केला, गाद्या गोळा केल्या. मामी म्हणाली, "आई, घर आहे की धर्मशाळा? तीनशे दिरहॅमचं नुसतं दूध आणलंय. सात हजार रुपये झाले!" पण उठून पोहे तिनेच भिजवले. त्या तीन दिवसांत मी फार खूश होते. हॉलमध्ये ओळीने झोपलेली माणसं बघून मला वाटलं, किती नीट जमवलं आपण.

मैदानावर पूर्वी कधी नव्हती एवढी गर्दी झाली. मोतद्दारांनी घोडीच्या आयाळीच्या वेण्या घातल्या होत्या. "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करत मुलांना चढवत होते, उतरवत होते. मध्येच मला म्हणाले, "बाई, आता कोण बंद करतंय? इन्शाल्ला, अजून दहा वर्षं."

फाटकावर मी रजिस्टर ठेवलं होतं. कुठून आलात, किती जण, कुठे उतरलात. अहवाल मी त्यावरून बांधला. तो घेऊन मॅनेजर आणि मी कार्यालयात गेलो. तिथल्या तरुण बाईंनी आम्हाला गावा, म्हणजे अरबी कॉफी दिली, खजूर दिले आणि अहवाल शांतपणे शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं, "आंटी, एवढे लोक बाहेरून आले. राहिले कुठे?"

"आमच्या घरी," मी म्हटलं. अभिमानाने म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्याकडे दोन्ही हॉटेलांची नोंद होती. त्या तीन दिवसांत मेळ्यासाठी म्हणून एकही माणूस तिथे उतरला नव्हता. दोन बुकिंगं झाली होती, ती रद्द झाली होती. त्या अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्याकडेही पाहुण्याला हॉटेलात पाठवत नाहीत. पण हे पैसे हॉटेलातून येतात, आंटी. मी काय लिहू?"

परत येताच मॅनेजर सरळ आपल्या ऑफिसात गेले. मोतद्दारांना मीच सांगितलं. ते घोडीचे खूर साफ करत होते. हात न थांबवता म्हणाले, "बाई, हॉटेलात उतरले असं लिहायचं होतं."

"त्यांच्याकडे नोंद असते."

"मग त्यांना हॉटेलात उतरू द्यायचं होतं."

मी घरी येऊन पुन्हा लिहायला बसले. मी आणखी दोन अर्ज केले. दोन्हींना सभ्य नकार आला आणि स्पर्धा बंद झाल्या. घोडे एका फार्मने घेतले. तपकिरी घोडी म्हातारी म्हणून त्यांना नको होती; तिला एक माणूस ट्रकमध्ये घालून घेऊन गेला. कुठे नेली ते मी विचारलं. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, मत पूछो." मी पुन्हा विचारलं नाही. म्हणून तुला काय सांगायचं ते मला ठाऊक नाही.

व्हिसा रद्द झाल्यावर मोतद्दार एका सकाळी घरी आले. चहा घेतला नाही. इंग्रजीत सर्टिफिकेट लिहून मागितलं. मी चौदा वर्षांचं काम मुद्देसूद लिहिलं. एकही चूक नाही.

"तिकडे कुणाला दाखवणार?" मी विचारलं.

"कुणाला नाही. पोरगी विचारेल, एवढी वर्षं काय केलं. तिला वाचता येतं." कागद बघून म्हणाले, "शिक्का नाही का, बाई?"

शिक्का मैदानाचा लागतो, आणि मॅनेजर तोवर नोकरी सोडून गेले होते. मी नुसती माझी सही केली.

मागच्या महिन्यात मी त्यांना फोन लावला. भावाने परवाना परत दिला नाही. माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात; तिथून वर ते लोकांच्या बॅगा डोक्यावरून वाहतात.

"गुडघे कसे आहेत?" मी विचारलं.

"चढाला दुखतात," ते म्हणाले. मागून कुणीतरी हाक मारली. "बाई, गिऱ्हाईक आलंय," म्हणून त्यांनी फोन ठेवला.