रंभाबाईचा धागा आणि मास्तरांची घंटा

आंधळगावात इंग्रजी बोलणारे दोघेच होते, एक रेडिओ आणि दुसरे वासुदेव मास्तर. त्यातले मास्तर तेवढे शंका विचारली की थांबायचे.

मास्तर विणकराच्या घरचे. वडिलांची पाठ हातमागावर वाकली, पण त्यांनी पोराला भंडाऱ्याला ठेवून मॅट्रिक केलं. पुढे तिकडेच एका कंपनीत कारकुनाची नोकरी चालून आली होती. क्वार्टर होतं, न्यायला-आणायला बस होती. मास्तर गेले नाहीत. "तिथं इंग्रजी नुसती टाइप करायची," एवढंच म्हणाले आणि गावच्या शाळेत शिकवायला लागले. सारं गाव त्यांना खुळा म्हणालं. शहाऐंशी साली निवृत्त झाले तेव्हा तेच गाव हार घेऊन गेलं, आणि सगळ्यात मोठा हार माझा होता. का, ते सांगतो.

मास्तर फळ्यावर कधीही एकटा इंग्रजी शब्द लिहीत नसत. "सोयरीक जमवताना पोराचे नातेवाईक पाहता ना? मग शब्दाचेही पाहा," म्हणायचे. एक शब्द लिहिला की त्याच्या शेजारी त्याचे दोन-तीन सोयरे आलेच. "डोळे उघडे होते म्हणून दिसलं, ते सी. मुद्दाम मान वळवून पाहिलं, ते लुक. आणि धान पिकल्यावर दिवसभर बांधीवर पाखरं राखत बसला, ते वॉच. डोळे तेच, मेहनत वेगळी."

त्यांचा सगळ्यात गाजलेला धडा घंटेचा. शाळेचा शिपाई नत्थू दारात उभा असतानाच तो चालायचा. "आज घंटा वाजली नाही. काहून? नत्थूनं घड्याळात तीनच्या जागी दोन पाहिले, तर ती मिस्टेक. वाजवायचं काम त्याचं, हे ठाऊक असून तो झोपून राहिला, तर तो फॉल्ट. आणि घंटेलाच चीर गेली असली तर तो डिफेक्ट. तुम्हाले तिन्ही वेळा सुट्टी उशिराच भेटते. पण नत्थूवर ओरडायचं की घंटा पाहायची, हे आधी ठरवा." आम्ही हसायचो, नत्थूही हसायचा. मला तो धडा तोंडपाठ होता. उपयोग काही झाला नव्हता.

अठ्ठ्याहत्तर साली मी, डोमा, विणकर संस्थेचा सचिव होतो. इंग्रजी येते म्हणून मला सचिव केलं होतं, आणि मलाही ते योग्यच वाटत होतं. त्या वर्षी दिल्लीच्या एका दुकानाला आम्ही पहिल्यांदाच कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड पाठवलं. महिन्याभरात इंग्रजी पत्र आलं. कापडात डिफेक्ट आहे, माल रेल्वे पार्सलने परत करत आहोत, कारण शोधून कळवा, नाहीतर पुढची ऑर्डर विसरा.

संस्थेत एक जुनी रीत होती. कापडात काही निघालं की धागा काढणारीचं नाव घ्यायचं. बायका कोसा उकळून, मांडीवर वळून धागा काढत. समितीत आम्ही पाचही जण विणकर, त्या बायकांपैकी एकही नाही. तेव्हा हरकत घेणार कोण? अध्यक्ष केशवराव म्हणाले, "धागा कोनाचा होता?" मी म्हटलं, रंभाबाईचा. पाच मिनिटांत निकाल लागला. चहा त्याच्या मागून आला.

रंभाबाई साठीची, विधवा. तिच्यासारखा एकसारखा धागा पंचक्रोशीत कोणी काढत नव्हतं, आणि जगात तिच्याजवळ मिरवायला तेवढंच होतं. संस्थेच्या दारात, दहा माणसांसमोर मी तिला सांगितलं, "काकी, दिल्लीहून पत्र आलं. तुझा धागा आजपासून बंद."

"चिठ्ठीत मायं नाव हाय का?"

"नाव नाही, पण..."

तिने पुढचं ऐकलं नाही. डोक्यावरचं धाग्याचं टोपलं ओट्यावर ठेवलं आणि निघून गेली. मला वाईट वाटलं. पण तेव्हा मी सचिव होतो, आणि सचिवाला वाईट वाटून चालत नाही असं मला वाटायचं.

आठवड्याभराने भर दुपारी ती परत आली. सोबत वासुदेव मास्तर.

"पत्र दे," मास्तर म्हणाले. वाचलं, चष्मा पुसला. "डिफेक्ट लिहिलं आहे. सोयरे सांग."

मी तेहतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. समितीची माणसं बसलेली. तरी उभा राहिलो आणि मिस्टेक, फॉल्ट, डिफेक्ट, घंटेचा अख्खा धडा म्हणून दाखवला.

"शाबास. मग तुमच्यातल्या कोणी घंटा पाहिली?"

पार्सल दोन दिवसांपूर्वीच आलं होतं. पोत्यात शिवलेलं, माझ्याच टेबलाखाली पडलं होतं, आणि मी त्यावर पाय ठेवून कागद लिहीत होतो.

मास्तरांनी टाके कापले. आम्ही कापड दारातल्या उजेडात पसरलं. काठापासून दोन बोटांवर एक बारीक रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रंभाबाई वाकली, रेघेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "उभी हाय."

विणकरांच्या त्या खोलीत याहून जास्त सांगायची गरज नव्हती. रंभाबाईचा धागा आडवा भरला जायचा. उभा ताणा बाहेरून तयार यायचा. आडव्या धाग्याने उभी रेघ पडतच नाही. ती पडते मागाच्या फणीने. ताण्याचा प्रत्येक धागा फणीच्या दातांतून जातो, एक दात वाकला की रेघ कापडभर चालते. कापडाच्या थानाच्या टोकाला मागाचा नंबर होता, चार. चार नंबरचा माग माझा.

घरी जाऊन पाहायचीही गरज नव्हती. दात वाकला होता हे मला ठाऊक होतं. दिवाळीत आडवा धागा नेणारा धोटा फणीवर आदळला तेव्हा मी तो पकडीने सरळ केला होता, नीट बसला नव्हता, आणि चालून जाईल म्हणून पुढे विणलं होतं. मास्तरांसमोर मी हे सगळं बोललो. लाज वाटत होती, पण बोलल्यावर बरंही वाटलं.

"आता उत्तर लिही," मास्तर म्हणाले.

मी इंग्रजीत लिहिलं की डिफेक्ट फणीत होता, तो दूर करून नवं कापड पाठवत आहोत. मास्तरांनी वाचून कागद परत माझ्यापुढे सरकवला. "हे घंटेचं झालं. नत्थूचं कुठं आहे?"

मी पुढे लिहिलं, फॉल्ट माझा आहे.

केशवराव खुर्चीत चुळबुळले. "मास्तर, संस्थेच्या इज्जतीचा सवाल हाय. दिल्लीवाल्याले मानसाचं नाव कायले सांगायचं?"

"त्या दिवशी दारात या बाईचं नाव घेतलं, तेव्हा इज्जत कुठं गेली होती केशवराव?"

मी ओट्यावर गेलो. दारात पाच-सहा माणसं होती, तेवढ्यांसमोर म्हणालो, "काकी, तुझा धागा चांगला होता. फणी माझी खराब होती. आणि तुझ्यावर ढकललं, तेही मीच." तिचं टोपलं आठ दिवस तिथेच कोपऱ्यात पडलं होतं. ते उचलून मी तिच्यापुढे धरलं.

तिने ते घेतलं नाही, मी ते पुन्हा ओट्यावर ठेवलं. ती आत आली, टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. तिला अक्षर येत नव्हतं, मराठीही नाही.

"यात काय लिवलं तुनं?"

मी मराठीत सांगितलं.

"यात मायं नाव हाय का?"

"नाही काकी. तुझी काही चूकच नव्हती, मग तुझं नाव कशाला?"

"पयल्या चिठ्ठीतही नोहतं," रंभाबाई म्हणाली. "तवा तुमी लोकायनं मनानं टाकलं. आता चांगल्या चिठ्ठीत टाका. धागा कोनाचा हाय, थे लिव."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. शब्द त्यांनी शिकवले होते, पण हे त्यांनाही सुचलं नव्हतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी पुन्हा कधी पाहिला नाही.

मी लिहिलं, आडवा धागा रंभाबाईच्या हातचा आहे, आंधळगाव. मग खाली माझी सही केली. तिने ओट्यावर जाऊन टोपलं उचलून डोक्यावर घेतलं.