नुनिंगच्या माळेतल्या कळ्या

वागियेमच्या हातात सुई आणि तोंडात पट्टा, अशी तिची क्लातेन शहराजवळच्या त्या गावात तीस वर्षं ओळख होती. पहाटे बाजारात आंबवलेल्या सोयाबीनचं तेंपे विकायचं आणि कुणाच्या घरी लग्न असलं की दुपारी तिथे माळ गुंफायला बसायचं, हा तिचा क्रम. नवरीच्या अंबाड्यापासून उजव्या खांद्यावरून छातीवर उतरणारी मोगऱ्याची जाड माळ तिच्यासारखी कुणालाच जमत नसे. कळी मुकी हवी, पांढरीशुभ्र हवी आणि शेजारणीएवढीच हवी. जरा लहानमोठी दिसली की वागियेम ती बाजूला भिरकावायची आणि आणणारीला विचारायची, "हे काय, मिरच्या तोडून आणल्यास?" बायका तोंडावर हसत आणि पाठीमागे तिचा उद्धार करत, पण लग्न ठरलं की पहिला निरोप तिलाच जाई.

तिच्या स्वतःच्या लग्नात मात्र कागदाची फुलं होती. ते साल दुष्काळाचं होतं, मोगरा कुठून असणार? घामाने कागदाचा रंग उतरला आणि गळ्यावर निळे ओघळ आले. ही गोष्ट ती कुणाला सांगत नसे. लेक नुनिंग झाली तेव्हा तिने परसात मोगऱ्याची अकरा झुडपं लावली आणि मनाशी ठरवलं, की या पोरीची माळ या झुडपांची आणि माझ्या हातची.

नुनिंगचं लग्न बुधवारी सकाळी होतं. मंगळवारी उजाडता उजाडता वागियेमने अकराही झुडपं खुडली. दोन-अडीच हजार कळ्या निघाल्या. केळीचं पान अंथरलेल्या टोपलीत त्या ठेवून वर ओलं फडकं घातलं, टोपली मागच्या पडवीत सावलीला ठेवली आणि ती नवरीला सजवणाऱ्या बाईकडे माळेचं माप विचारायला गेली.

मागे स्वयंपाकाचा कारभार होता तिच्या थोरल्या जावेकडे. गिनेम तिचं नाव. सगळं गाव तिला यू गिनेम, म्हणजे गिनेमताई, म्हणे. विधवा बाई, कामाला वाघ, आणि जुन्या रीतींची भारी पक्की. लग्नघरचा पहिला भात चढवताना चुलीपाशी केळी, तंबाखू आणि फुलं ठेवावी लागतात, नाहीतर भात कच्चा राहतो, यावर तिचा ठाम विश्वास. केळी होती, तंबाखू होती, फुलं कुणी आणली नव्हती. पडवीत पान घालून छान मांडलेली कळ्यांची टोपली दिसली. तिला वाटलं, वागियेमने यासाठीच काढून ठेवलीय. तिने अख्खी टोपली नेऊन चुलीच्या कडेला ठेवली, हात जोडले आणि भाताची भांडी चढवली.

वागियेम परतली तेव्हा घरभर मोगऱ्याचा घमघमाट सुटला होता. त्या वासासरशी ती चुलीकडे धावली, कारण मुकी कळी एवढी दरवळत नाही. वाफेने आणि धगीने सगळ्या कळ्यांनी तोंडं उघडली होती. उमललेलं फूल सुईत टिकत नाही, पाकळ्या गळतात. भात मात्र झकास शिजला होता.

"यू, हे काय केलंत?"

"चुलीला फुलं नकोत?" गिनेम म्हणाली, आणि मग जावेचा चेहरा पाहून तिच्या हातातला डाव खाली आला.

कुणीतरी सुचवलं, शहरात प्लास्टिकच्या कळ्यांची माळ मिळते, लांबून कळतही नाही. नुनिंग आईला म्हणाली, "बू, मला चालेल ती. खरंच."

"तुला चालेल गं. मला नाही चालणार," वागियेम म्हणाली आणि पायरीवर बसून पदराने तोंड झाकून रडली. तीस वर्षांत तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे बायकांना काय करावं कळेना. एकेक करून त्या उठून गेल्या. वागियेमला वाटलं, अवघडून गेल्या असतील.

पाऊण तासात त्या परत आल्या. कुणाकडे वाटी, कुणाकडे पोराची टोपी, कुणाकडे भाताच्या भांड्याचं झाकण. प्रत्येकीच्या दारात मोगऱ्याचं एखादं झुडूप होतंच, प्रत्येकीने ते ओरबाडून आणलं होतं. सगळ्यांत पुढे तुमिनी होती, जिच्या कळ्या वागियेमने चार लग्नांत भिरकावल्या होत्या. ती म्हणाली, "घे. मिरच्याच आहेत, पण आजच्या दिवस गोड मानून घे."

शेवटी गिनेम आली. तिच्या अंगणातल्या झुडपाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. दर गुरुवारी दुपारी ती त्याची फुलं नवऱ्याच्या थडग्यावर वाहायला नेई. सोळा वर्षांत एक गुरुवार चुकला नव्हता. आज तिच्या ओच्यात त्या झुडपाची शेवटची कळीसुद्धा होती. वागियेमने ओचा सोडवून घेतला आणि तिला आपल्या शेजारी चटईवर बसवलं.

केळीच्या सोपटाचा दोरा सुईत ओवून वागियेम दुपारभर गुंफत होती. लठ्ठ कळी, बारीक कळी, वाकडी कळी, एकही तिने टाकली नाही. दिवस मावळायच्या आत माळ झाली. टोकाला पांढऱ्या चाफ्याच्या दोन कळ्या लावल्या. आयुष्यातली तिची ही सर्वांत ओबडधोबड माळ होती.

दुसऱ्या दिवशी लग्न लागल्यावर नुनिंगने रीतीप्रमाणे आईच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं आणि चुकलंमाकलं माफ कर म्हणाली. यावर आईने द्यायचा आशीर्वाद ठरलेला असतो. वागियेमने तो दहा वेळा घोकला होता. पण समोर माळ आली आणि ती सगळं विसरली. एकेका कळीवर बोट ठेवत ती हळूच सांगू लागली, "ही तुमिनीची. या बारक्या मशिदीजवळच्या. वरच्या सगळ्या बुधेच्या, तुझ्या थोरल्या काकूच्या. विसरू नकोस हं बाई, कुणालाच विसरू नकोस." नुनिंगच्या डोळ्यांतलं काजळ ओघळलं आणि सजवणारी बाई मागून चुकचुकली. वागियेमचं मन एवढं भरून आलं होतं, की आपल्या अकरा झुडपांची आठवणही तिला झाली नाही.

गुरुवारी दुपारी गिनेम रिकाम्या हाताने दाराशी उभी होती. जावं की न जावं, तिचं ठरत नव्हतं. तेवढ्यात नवऱ्याला घेऊन नुनिंग आली, मागे वागियेम. नुनिंगच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेली माळ होती, किंचित पिवळी पडलेली.

"बुधे, चला," ती म्हणाली. "आम्हालाही त्यांच्या पाया पडायचंय."

थडग्यापाशी गिनेमने दोरा तोडला आणि सगळ्या गावाच्या कळ्या ओंजळीने वाहिल्या. मग वाकून, घरातल्या माणसाशी बोलावं तसं ती नवऱ्याला म्हणाली, "फुलं शिळी आहेत म्हणून रागावू नका. आधी नुनिंगच्या लग्नाला जाऊन आलीत."