खात्यात अडकलेले अण्णा

मित्रांनो, आज पार थकून गेलोय, तरी लिहून राह्यलो.

सकाळीच हसनाबादहून ताई आल्ती. तिनं नवा मोबाईल घेतला, पण जुन्या खात्याचा पासवर्ड तिला आठवंना. ओटीपी जातो बंद पडलेल्या नंबरवर. आमचे वडील, अण्णा, गेल्या वर्षी वारले. त्यांचे सगळे व्हिडिओ त्याच खात्यात. दिवसभर खटपट केली, पण खातं काही उघडलं न्हाई.

शेवटी मी कपाटातून माझी हार्ड डिस्क काढली. मागं एका दिवाळीत ताईच्या मोबाईलमधलं सगळं या डिस्कवर उतरवून ठेवलं होतं. त्यात अण्णा नातीला सायकल शिकवतानाचा व्हिडिओ निघाला.

"मार पायडल, मी धरलंय!"

तो आवाज ऐकून ताईनं डोळ्याला पदर लावला. मंग हळूच म्हणाली, "दवाखान्यातला न्हाई का रे? त्यात त्यांनी माझं नाव घेतल्तं."

तो व्हिडिओ त्या दिवाळीनंतरचा होता.

"न्हाई, ताई." मी म्हणालो.

ती संध्याकाळच्या बसनं परत गेली.

आता डिस्कची दुसरी कॉपी करत बसलोय, कारण हीसुद्धा कधीतरी बंद पडणारच. तुमच्या माणसांचे आवाज तुमच्या घरात आहेत का हो, की नुसते खात्यात?