पत्रिकेतलं माझं नाव

पुतण्याच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ भावजींनी माझ्यासमोर ठेवलं. "वहिनी, चुका बघा. तुमचं शुद्धलेखन चांगलं." निमंत्रकांत त्यांच्या नावापुढे कंसात बी. ए. होतं. माझ्या नावापुढे काहीच नव्हतं.

ते बी. ए. झाले ते माझ्या वह्यांवर. मी लग्न होऊन आले तेव्हा आम्ही दोघं एकाच वर्षाला होतो. शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर सासूबाई म्हणाल्या, "दोघंही पेपरला गेलात तर स्वयंपाक कोण करणार?" मी पोळ्या लाटत बसले आणि भावजी माझ्या वह्या घेऊन अभ्यासाला बसले.

मुक्त विद्यापीठाचा फॉर्म महिनाभर फ्रीजवर पडलाय. पन्नाशीत पदवी कशाला, याची शहाणी उत्तरं शोधून मी दमले. ज्ञान, समाधान, एकही पटेना. पत्रिका बघताना खरं उत्तर मिळालं: राग. माणसं नुसत्या रागावर आयुष्य काढतात, मग मी एक परीक्षा द्यायला काय हरकत आहे? अभ्यासक्रम केव्हाच बदललाय, जुन्या टिपणांचा उपयोग शून्य. तरी मला ती हवीत.

"सापडली का चूक?" भावजींनी विचारलं.

"यात नाही," मी प्रूफ परत दिलं. "भावजी, माझ्या वह्या तेवढ्या आणून द्या."