नलूमावशींचा दावा

आमच्या वाशीच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा मीटिंगमध्ये ‘उद्या पाणी नक्की येणार’ असं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही, नलूमावशी मात्र आल्या. दोन रिकाम्या बादल्या घेऊन त्याच्या दारातच बसल्या. ‘बोललात ना? मग द्या,’ एवढंच म्हणाल्या. बिचाऱ्याने घरच्या पिंपातलं पाणी ओतून दिलं.

मावशी माझ्या शेजारी राहत, एकट्याच. टेलिफोन ऑपरेटर म्हणून सारी नोकरी मुंबईत केलेली. जन्मभर दुसऱ्यांची आश्वासनं कानावर पडल्यामुळे असेल, दिलेला शब्द हा प्रकार त्या भलताच गंभीरपणे घेत.

१९८० सालानंतर आमच्या सेक्टरात एका बँकेची शाखा उघडली. ठेव ठेवणाऱ्याला स्टीलचा डबा भेट, असा बोर्ड लागला. मावशींनी ठेव ठेवली. तोवर डबे संपले होते. हातात प्लॅस्टिकची साबणदाणी पडली. मावशींनी डबाच मागितला, तेव्हा मॅनेजर हसला. तिथे तो फसला.

मावशींनी करार मोडल्याचा दावा लावला. वकील न देता स्वतःच उभ्या राहिल्या. बोर्ड मीही वाचला होता, म्हणून साक्षीला मी. रजा टाकून ठाण्याच्या कोर्टात गेलो, तर एका डब्यासाठी बँकेने दोन वकील आणलेले.

न्यायाधीश वैतागले. ‘बाई, एका डब्यासाठी कोर्टाचा वेळ घेता?’

‘मग साहेब, कितीच्या वस्तूपासून पुढे शब्द पाळायचा, तेवढं सांगा.’

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी दावा खोडसाळ ठरवून फेटाळला आणि बँकेचा खर्चही मावशींच्याच डोक्यावर बसवला.

परतीच्या बसमध्ये मावशी म्हणाल्या, ‘मी खोडसाळ आहे का रे?’

त्यांचा चेहरा इतका पडलेला मी कधी बघितला नव्हता. ‘थोड्याशा आहात,’ मी म्हणालो. त्या हसल्या.

पुढच्या आठवड्यात बँकेचा शिपाई स्टीलचा डबा घेऊन आला. मॅनेजरने पदरचे पैसे घालून आणला होता. ‘मी हरले ना? मग हा कशाचा?’ म्हणत मावशींनी शिपायाला चहा पाजला आणि डब्यासकट परत पाठवलं. ठेव मात्र तिथेच ठेवली. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, ‘दुसरीकडे गेले तर यांच्यावर नजर कोण ठेवणार?’

बँकेच्या पुढच्या बोर्डावर खाली बारीक अक्षरं आली : ‘भेटवस्तू शिल्लक असेपर्यंत.’ मावशी मला मुद्दाम ती दाखवायला घेऊन गेल्या. ‘माझ्यासाठी छापलंय,’ त्या म्हणाल्या. इतक्या खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं.

काही वर्षांनी मावशी गेल्या. मोजकी माणसं जमली. त्यांत तो मॅनेजरही होता, बदलीच्या गावाहून आलेला.

‘फार छळलं हो बाईंनी,’ तो मला म्हणाला. मग चपला काढून ठेवल्या आणि खांदा द्यायला पुढे झाला.