बिल्डरचे नम्र प्रतिनिधी

फ्लॅटचा ताबा मिळाला तो गुढीपाडवा, सोसायटीची नोंदणी झाली तो दसरा, आणि "आता करूनच टाकू" असे आश्वासन मिळाले ती त्यानंतरची प्रत्येक दिवाळी. या दिवसांना जबाबदार इसम दोन: इंदिरानगरातील आमच्या इमारतीचे बिल्डर, जे कधीच भेटत नाहीत, आणि त्यांचे प्रतिनिधी, जे नेहमी भेटतात.

फ्लॅट आमच्या नावावर आहेत. इमारतीखालची जमीन अद्याप बिल्डरच्याच नावावर. ती सोसायटीला लिहून देणे, म्हणजे अभिहस्तांतरण, कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. हा विषय काढला की प्रतिनिधी वाकून माझ्या पायांना हात लावतात. प्रश्न त्यांच्या पाठीवरून निघून जातो.

"काका, तुमची रजिस्ट्री झालीय ना? मग कशाला टेन्शन घेता? बीपी सांभाळा."

"रजिस्ट्री फ्लॅटची झाली. जमिनीचं काय?"

"होऊन जाईल हो. घरचंच काम आहे."

गृहस्थ वाईट नाहीत. माझ्या ऑपरेशनच्या वेळी ते रोज डबा आणत असत.

परवा ते मोजणीची माणसे घेऊन मागच्या मोकळ्या जागेत आले. तिथे बिल्डरला नवी विंग उभी करायची आहे. फीत त्यांनी स्वतः धरली होती. माझ्या पत्नीने लावलेल्या सोनचाफ्यापाशी ते थांबले आणि आमच्या खिडकीकडे पाहून म्हणाले, "काकू, तुमचं झाड आम्ही ठेवू बरं का!"

पत्नीने त्यांचे आभार मानले.

माझी मागणी एवढीच आहे. येत्या वार्षिक सभेत, सर्व सभासदांसमक्ष, त्यांनी उत्तर द्यावे: आमच्या जागेतले झाड ठेवायचे की तोडायचे, हे ठरवणारे ते कोण?