सशाऐवजी बाबांची कातडी

माझी भाची श्रुती हट्टी आहे, असं आमच्या हातकणंगल्यात कुणीही सांगेल. मुलाने हट्ट धरला की तो जिद्दी आणि मुलीने धरला की ती आगाऊ, हा न्याय मला कधीच पटला नाही. तर ही आमची आगाऊ पोरगी २००६ साली औषधनिर्माणशास्त्रात एम.फार्म. करत होती.

तिच्या मार्गदर्शक सरांनी तिला भाजल्यावर लावायच्या एका मलमावर काम करायला सांगितलं. पद्धत ठरलेली होती. सशाला भूल द्यायची, त्याची पाठ भादरायची, तापलेली सळई टेकवायची आणि मग मलम लावून जखम कशी भरते ते बघायचं. श्रुतीने तोंडावर सांगितलं, "सर, मी सशाला चटका देणार नाही."

हे भूतदयेचं खूळ नव्हतं. तिचे वडील, म्हणजे माझे दाजी दादासो, शिरोलीला एका फाउंड्रीत भट्टीवर कामाला होते. श्रुती शाळेत असताना वितळलेलं लोखंड उडून त्यांचा उजवा हात दंडापासून मनगटापर्यंत भाजला. पट्टी बदलताना ते असे ओरडायचे की पोरगी कानांत बोटं घालून उंबऱ्यावर बसायची. जखमा भरल्या, पण हात कोपरात वाकला तो वाकलाच. सदरा घालायलासुद्धा त्यांना माझ्या बहिणीची, सोनूबाईची, मदत लागायची.

श्रुतीने दुसरी वाट काढली होती. माणसाच्या कातडीतल्या पेशी प्रयोगशाळेत बाटलीत वाढवायच्या आणि त्यांचा पापुद्रा तयार झाला की चटका त्याला द्यायचा. परदेशात हे सुरू झालं होतं. सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत पापुद्रा दाखव. नाही जमलं तर ससे. तेही नको असतील तर घरी बस." वर हेही म्हणाले की सवलतीतून आलेल्यांना असले नखरे शोभत नाहीत. ऐकून माझं डोकंच फिरलं. मी चप्पल घालून निघालेच होते, श्रुतीने हात धरला. "ऱ्हाऊ दे मावशी. पापुद्राच दावते की त्यांस्नी."

पण माणसाची कातडी आणायची कुठून? जेवताना हा विषय निघाला. सोनूबाई समजुतीने म्हणाली, "सशाला भूल देत्यात न्हवं?"

दाजी भडकले. "भूल उतरल्यावर काय हुतं ते मला इचार!"

हात सरळ करायचं ऑपरेशन त्यांनी भीतीपोटी वर्षानुवर्षं टाळलं होतं. आता आपल्या पायांनी सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर मांडीची पातळ कातडी काढून कोपरावर लावणार होते. उरलेला तुकडा एरवी फेकून देतात. दाजींनी तो लेकीला द्यायला लावला.

त्या दिवसांत लोडशेडिंगने सगळ्यांचा जीव नकोसा केला होता. पेशींना अंगाइतकी ऊब लागते आणि ती देणारी पेटी विजेवर चालते. कॉलेजचा जनरेटर फक्त ऑफिसपुरता. तिकडे साहेबांचा पंखा गरगरायचा आणि इकडे पोरीच्या पेशी गारठून मरायच्या. एकेक करून बाटल्या गेल्या, शेवटी एकच उरली. मग वीज गेली की श्रुती ती बाटली ओढणीने पोटाशी बांधून बसायला लागली. बाकीचे हसायचे. ही म्हणायची, "हसा."

दिवाळी तोंडावर आली. सरांनी ससे मागवले आणि पिंजरा मुद्दाम तिच्याच टेबलावर ठेवला. त्याच दुपारी तिला वर्गापुढे आपलं काम मांडायचं होतं. दाजी आणि मी तिचा डबा घेऊन पोचलो आणि वीज गेली. पापुद्रा नुकता धरायला लागला होता. बाटली आडवी आणि स्थिर ठेवायची होती, पोटाला बांधून उभं राहणं शक्य नव्हतं. श्रुती रडकुंडीला आली.

"आण हिकडं," दाजी म्हणाले. वऱ्हांड्यातल्या बाकड्यावर ते उताणे झोपले, सदऱ्याची बटणं काढली, बाटली पोटावर आडवी ठेवली आणि वरून दोन्ही हातांनी झाकली. श्रुती आत गेली.

थोड्या वेळाने सर तिथून चालले होते. "कोण तुम्ही? इथं काय झोपलाय?"

"हळू बोला, सर," दाजी न उठता म्हणाले. "माझी कातडी हाय. ऊब देतोय."

सरांना उलगडा व्हायला वेळ लागला. मग ते कुत्सित हसले. "आणि ही मेली तर?"

"मेली तर मेली. मांडी हाय की अजून!"

सर तरातरा निघून गेले. मी त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हसले, मला काही लाज वाटली नाही.

पापुद्रा झाला. कांद्याच्या सालीखालच्या पापुद्र्याइतका पातळ, पण अख्खा. ससे आले तसे परत गेले.

चटका द्यायच्या दिवशी श्रुतीने आम्हाला बोलावलं. सुई तापवली, पापुद्र्याजवळ नेली आणि तिचा हात थांबला. काही झालं तरी ती बापाची कातडी होती.

दाजी वाकून बघत होते. "दुखत न्हाय न्हवं हिला?"

"न्हाय, बाबा. हिला दुखणं कळतच न्हाय."

दाजींनी नव्याने सरळ झालेला हात टेबलावर टेकवला.

"मग दे चटका."